तिसऱ्या मशिनीवरचं भजन

गावातल्या बुधवारा पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भूतखेत, नजर, उतारा या गोष्टींची मला चीड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. बिघाड असतो आणि बिघाडाला कारण असतं, एवढंच मी मानत आलो.

गावात ब्रॉडबँड आलं तसा बायकोच्या भजनी मंडळानं हट्ट धरला, की गुरुवारी चार वाजताचं भजन इंटरनेट रेडिओवर लावून द्या, सुरत-पुण्याच्या लेकी ऐकतील. दत्ताच्या देवळात माइक बसवून दिला. मग लेकींच्या तक्रारी सुरू. हिच्याकडे लागतच नाही, तिच्याकडे अडकतं. शेवटी वैतागून मी दुकानात तीन मशिनी शेजारी-शेजारी मांडल्या. एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स आणि तिसरा एक जुनाट डबा, बारा वर्षांपूर्वीच्या सिस्टीमचा. देवळातला आवाज पहिलीवर वीस सेकंदांनी यायचा, दुसरीवर पस्तीस, डब्यावर पुरत्या एका मिनिटानं. मी घड्याळ लावून वहीत लिहून ठेवायचो.

मंडळात सात जणी. माझी रजनी दम्याची. लांब ओळ आली की ती मधेच तुटते, श्वास ओढते, मग पुन्हा धरते. सात आवाजांत मी तिला त्यावरूनच ओळखायचो.

श्रावणात मंडळ चालवणाऱ्या गोदाबाई गेल्या. पुढच्या गुरुवारी दोन मशिनींवर सहा आवाज होते. डब्यावर सात. गोदाबाईंचा जाडसर आवाज सगळ्यांच्या खालून येत होता. जुनं काहीतरी अडकलं असेल म्हणून मी डबा पुसून सिस्टीम नव्यानं टाकली. पुढच्या गुरुवारी तेच. आणि त्या दिवशीचं भजन कोकिळाबाईंनी त्याच आठवड्यात नवीन बसवलेलं होतं. गोदाबाईंनी ते जन्मात ऐकलं नव्हतं.

कोणाला बोललो नाही. अनंताचं डोकं फिरलं म्हणाले असते.

दिवाळीनंतर कोकिळाबाई फोपनारला भावाकडे गेल्या होत्या. त्या गुरुवारी दोन मशिनींवर पाच आवाज, डब्यावर सात. त्यात कोकिळाबाई अगदी स्वच्छ. शनिवारी निरोप आला. केळीच्या बागेतून येता-येता बांधावर जरा टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

तेव्हापासून मला खरी भीती वाटायला लागली. मी एकच गोष्ट धरून बसलो, रजनीचा गुरुवार चुकू द्यायचा नाही. ती देवळात असली तर तिचा आवाज तिन्ही मशिनींवर येणार, म्हणजे ती अजून इथली. तापातसुद्धा तिला रिक्षात घालून नेलं.

"अहो, एक गुरुवार नाही गेली तर आभाळ कोसळेल का जी?"

"कोसळेल," मी म्हटलं.

डबा भंगारात का नाही टाकला? टाकला असता तर कळलं नसतं. आणि न कळणं मला जमत नाही.

पौषातला गुरुवार. रजनीला साडेतीनला घरून देवळात जाताना पाहून मी दुकान उघडलं, मशिनी लावल्या. चारला दोन मिनिटं कमी असताना ती दारात उभी. ओठ निळसर झालेले.

"देवळाच्या पायरीवरच धाप लागली. मागं फिरले. बसते जरा इथंच."

"ऊठ, डॉक्टरकडे चल."

"भजन होऊ द्या, मग जाऊ." तिनं माझा हात धरून ठेवला.

पहिल्या मशिनीवर भजन सुरू झालं. चार आवाज.

दुसरीवर चार.

मी दुसरा हात डब्याच्या बटणाकडे नेला.

"राहू द्या ना तो," ती म्हणाली. "तोच साफ वाजतो."

मिनिट झालं. डब्यावर सात जणी गात होत्या.

रजनीनं डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला. लांब ओळ आली. ती तुटायची मी वाट पाहत राहिलो. तुटली नाही. पुढची आली, तीही सरळ गेली.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. कित्येक वर्षांत इतकी खूश दिसली नव्हती.

"ऐकलं का जी?" ती म्हणाली. "कुठंच श्वास घ्यावा लागला नाही मला."