बुंदीचा हप्ता

सकाळचा चहा झाला की बुंदीच्या गळ्यातला पट्टा पुसायचा, हे त्रिशला मगदूमच्या घरात नेहमीचं काम होऊन बसलं होतं. पट्टा दिसायला साधाच, करड्या रंगाचा. पण कुत्र्याची नाडी, झोप, चालणं आणि मुख्य म्हणजे हुंगणं त्यात टिपलं जाई. कुत्रं कुठे थांबलं, किती वेळा नाक लावलं, त्या वेळी त्याचं काळीज किती धडधडलं, सगळं. सांगलीत लोक त्याला श्वासपट्टा म्हणत. जनावराचा विमा उतरवायचा तर आधी काही दिवस हा पट्टा घालावा लागे आणि त्यावरून कंपनी हप्ता ठरवी. विमा साफ नाकारला नाही तर पट्टा गळ्यातच राही आणि दर महिन्याला हप्ता नव्यानं ठरे.

विम्याचा विषय त्रिशलानंच काढला होता. शेजारच्या पुजारींच्या लॅब्रॅडॉरचं ऑपरेशन झालं, तेव्हा विम्यामुळेच ते निभावले असं तिनं ऐकलं होतं. तिचा नवरा अभिनंदन म्हणाला, गावठी कुत्री दगड पचवते, तिला कसला विमा. सासरे अण्णा नुसते हसले. नववीतल्या ऋजुतानं आईची बाजू घेतली. शेवटी ठरलं, हप्ता तर कळू दे, मग परवडतो का ते बघू.

हप्ता कळला तो पुजारींच्या म्हाताऱ्या, लंगड्या कुत्र्याच्या चौपट. बुंदी तीन वर्षांची आणि ठणठणीत. अभिनंदन पोट धरून हसला आणि त्याच्यापुरता विषय संपला. त्रिशलाचा संपेना. एवढा हप्ता लावतात म्हणजे कुत्रीला आतून काहीतरी झालंय, या काळजीनं ती बुंदीला घेऊन जनावरांच्या डॉक्टर रुबिना मुजावर यांच्याकडे गेली.

डॉक्टरांनी बुंदीला नीट तपासलं. मग कंपनीकडून पट्ट्याची माहिती मागवून घेतली, पडद्यावर बराच वेळ पाहत राहिल्या आणि उठून दार लोटून आल्या.

"ताई, बुंदीला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "घरात सगळ्यांची तब्येत बरी आहे ना?"

त्रिशलाला प्रश्नच कळला नाही. मग डॉक्टरांनी सावकाश समजावलं. घरातलं माणूस गेलं की कुत्री अन्न सोडतात, आजारी पडतात आणि कंपनीला खर्च येतो. अशी कुत्री आधीच ओळखता येतील का, हे कंपनीनं लाखो पट्ट्यांवरून शोधलं. तेव्हा दिसलं, की माणसाचा आजार कुणालाही कळण्याच्या कितीतरी आधी कुत्र्याचं हुंगणं बदलतं. ते एकाच जागी पुन्हा पुन्हा नाक लावतं, मधेच श्वास धरतं, घाबरतं. कंपनीनं त्याला नाव दिलं होतं शोकजोखीम. बुंदीची शोकजोखीम फार वर गेली होती.

"कुणासाठी?" त्रिशलानं विचारलं.

"ते पट्ट्याला कळत नाही."

"मग कंपनीनं आम्हाला सांगायला नको?"

"माणसाच्या आजाराबद्दल बोलायची त्यांना परवानगी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हप्ता लावायची आहे."

घरी परतताना त्रिशलाच्या मनात पहिलं नाव आलं ते अण्णांचं. पंचाहत्तरी उलटलेला माणूस. आणि पाठोपाठ तिला जरासं हलकं वाटलं. त्या हलकेपणाची तिला इतकी लाज वाटली, की रात्री जेवायला वाढताना तिनं अण्णांकडे मान वर करून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ती त्यांना तपासणीला घेऊन गेली. अण्णांचं सगळं चोख निघालं. येताना त्यांनी खुशीत कलिंगड घेतलं आणि वाटभर तिचं कौतुक केलं, सासऱ्याची एवढी काळजी कोण करतं म्हणून.

खरी भीती तिथून सुरू झाली. तिनं गुपचूप स्वतःच्या तपासण्या केल्या. त्याही स्वच्छ. उरले दोघंच. ऋजुता शाळेतून दमून आली की त्रिशला तिच्या कपाळाला हात लावून बघे. पोरगी साधी खोकली तरी ती हातातलं काम टाकून धावे. बुंदी ऋजुताच्या मांडीवर डोकं ठेवू लागली की ती हाड म्हणून तिला हाकले. जणू कुत्रीनं नाक लावलं नाही तर आजार लागणारच नाही. बुंदी शेपूट पाडून कोपऱ्यात बसे आणि ऋजुता आईशी बोलणं टाके.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अभिनंदन झोपाळ्यावर आडवा झाला होता. त्रिशला दारातून पाहत होती. बुंदी दबक्या पावलांनी आली. तिनं त्याच्या डाव्या कुशीला नाक लावलं आणि तशीच थिजली. मग मागे सरली, थरथरली, पुन्हा पुढे गेली. पुन्हा तीच जागा. कुत्रीची नाडी वाढली की पेटणारा पट्ट्यावरचा बारका दिवा तांबडा लुकलुकत होता. अभिनंदननं झोपेतच तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्रिशला चौकट धरून तशीच उभी राहिली.

संध्याकाळी तिनं त्याला सगळं सांगितलं. रोज बॅडमिंटन खेळणारा माणूस तो. आधी हसला, मग चिडला.

"कुत्रीच्या सांगण्यावरून मी दवाखान्यात जाऊ?"

"तिच्यासाठी जाऊ नका," त्रिशला म्हणाली. "मला भीती वाटतेय, म्हणून चला."

तो उठून सदरा चढवू लागला.

डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. लहान होती, जागेवरच होती. मिरजेला ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, अशी गाठ इतक्या लवकर सहसा हाती लागत नाही. दुखायला लागून तुम्ही आला असता तर माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं. तुम्हाला कळलं कसं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा अभिनंदननं नुसतं बायकोकडे पाहिलं.

तो घरी आल्यावर काही आठवड्यांनी कंपनीचा निरोप आला. 'अभिनंदन! आपल्या बुंदीचा हप्ता कमी झाला आहे.' त्रिशला तो वाचून देवघरात जाऊन रडली. डॉक्टरांच्या कुठल्याही कागदानं दिला नव्हता इतका धीर तिला त्या आकड्यानं दिला. आणि लगेच तिच्या मनात आलं, कुणा अनोळखी यंत्राला तिच्या नवऱ्याचं मरण दिसलं होतं आणि त्यानं फक्त भाव वाढवला होता.

विमा तिनं उतरवला. परवडतो का, हे आता घरात कुणी विचारलं नाही. पण दर महिन्याला हप्त्याचा निरोप आला की तो उघडण्याआधी ती घरातल्या प्रत्येकाकडे एकदा बघून घेई.

पुढे बुंदीला लस द्यायला ती मुजावर डॉक्टरांकडे गेली. बाकावर शेजारी एक बाई बसली होती. मांडीवर पांढरं, केसाळ पिल्लू, गळ्यात करडा पट्टा. बाजूला तिचा नवरा फोनवर कुणाला तरी हसत सांगत होता, की कुत्र्याच्या विम्याला सोन्याचा भाव सांगतात, आम्ही साफ नको म्हणून कळवलं, आज इथेच डॉक्टरांकडे पट्टा परत देऊन टाकणार. बाईसुद्धा हसत होती. पिल्लानं तिच्या कुशीत नाक खुपसलं होतं आणि ते हलत नव्हतं.

त्रिशलानं नजर वळवली. आपल्याला काय करायचंय, दोन हसऱ्या माणसांच्या घरात आपण हे भय कशाला सोडायचं, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. लोकांनी महाग म्हणून नाकारलेले असे किती हप्ते या एका गावात असतील? आतून डॉक्टरांनी पुढचं नाव पुकारलं. नवरा पट्टा सोडवायला वाकला.

त्रिशलानं त्या बाईच्या हातावर हात ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला हप्ता किती सांगितला?"