राहून गेलेले हसू

मेल्यावर हसायचे, हा उझुमासा या सिनेमावाल्यांच्या वस्तीतल्या स्टुडिओंचा जुना रिवाज. तलवारीच्या सिनेमात जो मरून पडतो त्याने दिग्दर्शकाचे ‘कट’ ऐकल्यावर लगेच उठायचे नाही. आधी कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसायचे, आणि ते हसू टिपल्याशिवाय कॅमेरामनने यंत्र बंद करायचे नाही. मरण खोटे होते, चेष्टा चालली होती, हे ज्याला कळायला हवे त्याला कळावे म्हणून. ते हातभर फिल्मचे तुकडे पडद्यावर कधीच जात नाहीत. संकलनाच्या खोलीत ते कापले जातात आणि टाकाऊ फिल्मच्या टोपलीत पडतात.

ते कापायचे काम त्सुरुको कोनिशी सत्तावीस वर्षे करत होती. टोपलीत पडलेल्यांपैकी एकाच माणसाची हसू ती वेचून ठेवी. तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा पत्र्याचा मोठा डबा होता, त्यात प्रत्येक तुकड्याला वर्ष आणि महिना लिहिलेली चिठ्ठी चिकटवून. जुनी फिल्म भसकन पेट घेते, म्हणून असे काही खोलीत ठेवायला सक्त मनाई होती. त्सुरुकोने नियम मोडला तो आयुष्यात एवढाच. का मोडला, हे तिला कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी बाई लाजून कामाला लागली असती.

तो माणूस म्हणजे शिन्पेई ओदागाकी. तांबा डोंगरातल्या कोळसा पाडणाऱ्याचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी स्टुडिओत आला आणि एकतीस वर्षे मरत राहिला. तिसरा लुटारू, दुसरा मारेकरी, दारातला पहारेकरी. नावाची भूमिका एकही नाही. पण त्याच्यासारखे पडणे कुणाला जमत नसे. कंबरेतून मागे वाकायचा, तोल सावरल्यासारखा करायचा, आणि बघणाऱ्याला वाटावे की वाचला, तेवढ्यात कोसळायचा. मोठमोठे नायक त्यालाच मागून घेत. शिन्पेई समोर असला की आपली लाकडी तलवार धारदार दिसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१९६३च्या नोव्हेंबरात तो निवृत्त होणार होता. निरोपाला आठ दिवस उरले तेव्हा त्सुरुकोने ठरवले, डब्यातली सगळी हसू वर्षांप्रमाणे जोडायची आणि त्याला भेट द्यायची.

पहिल्याच सकाळी तिला कळले की एक हसू नाही. १९४१चा ऑक्टोबर. नदीकाठच्या चकमकीचा सिनेमा, शिन्पेई त्यात वाळूत मरून पडतो. चिठ्ठी होती. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिले होते, ‘तुकडा आला नाही.’

ती पुढे जोडत गेली. छोट्या पडद्याच्या यंत्रावर एकेक तुकडा चालवायचा, टोके खरवडायची, डिंक लावायचा. १९४२च्या तुकड्यात शिन्पेई देवळाच्या पायरीवर पडल्या पडल्या हसत होता. मागचे चारपाच मुडदेही उठून हसत होते. अगदी टोकाला, दगडी दिव्यापाशी, एकजण मात्र उठला नव्हता. झोप लागली असेल, त्सुरुको मनाशी म्हणाली. पहाटेपासून उभे राहून माणसे दमत, असे पूर्वीही झाले होते.

१९४६चा तुकडा बर्फातला. सगळे उठले. एक उठला नाही.

१९५१चा तुकडा सराईच्या अंगणातला. त्यातही एक राहिला. कॅमेऱ्याकडे पाठ करून पडलेला, करड्या पट्ट्यांचा किमोनो, उजव्या खांद्याला ठिगळ. तिने बर्फातला तुकडा परत लावला आणि भिंग घेतले. ठिगळ होते.

इतक्या वर्षांत तिला हे दिसले कसे नाही? कापताना ती फक्त एक चेहरा बघत आली होती, हे तिने स्वतःशी कबूल केले. आणि तुकडे एकामागोमाग असे कधी लावलेच नव्हते. आता लावल्यावर दिसत होते की करड्या पट्ट्यांचा माणूस दर सिनेमात थोडा जवळ येत होता. दिव्यापाशी होता तो विहिरीपाशी आला, विहिरीपासून उंबऱ्याशी. १९५८च्या सिनेमात गोष्ट आजकालची, सगळे कोट-पाटलोणीत, तरी तो तसाच किमोनोत. परवाच्या, शेवटच्या तुकड्यात तो शिन्पेईला खेटून पडला होता. शिन्पेई हसत होता आणि त्याची बाही त्या पाठीवर टेकली होती.

दुपारी शिन्पेई आला. रोज यायचा. हातात काड्यांना बांधून वाळवलेली पर्सिमनची फळे होती.

“त्सुरु-सान, खाऊन बघा. आणि या वेळी थुंकू नका.”

“गेल्या वेळचं सलगमाचं लोणचं मी थुंकले नव्हते. गिळलं होतं. म्हणून तर दोन दिवस आजारी होते.”

“सादा घालायची तसं होत नाही माझ्या हातून.” सादा त्याची बायको. जाऊन सहा वर्षे झाली होती.

एरवी त्सुरुकोने आणखी दोन टोमणे मारले असते. आज तिने नुसते विचारले, “१९४१च्या नदीवरच्या सिनेमात तुम्ही काय घातलं होतं?”

शिन्पेईने फळे टेबलावर ठेवली. यंत्राच्या पडद्याकडे त्याने पाहिले नाही.

“किती जवळ आलाय?” त्याने विचारले.

तिने सांगितले. बाहेर कुणीतरी घोडा धूत होते, पाण्याचा आवाज येत होता.

“त्या दिवशी कुणी कट म्हटलंच नाही,” तो अखेर म्हणाला. “मी पडलो. ऐकत राहिलो. करंगळीसुद्धा हलवली.” ही त्याची जुनी खूण. फार वेळ पडून राहावे लागले की तो करंगळी हळूच दोनदा उचले, म्हणजे ‘झालं का?’ “कुणी काही बोलेना. थोड्या वेळाने डोळे उघडले तर सगळे सामान गोळा करत होते. भूक लागली होती हो. उठलो आपला.”

“मग?”

“मी उठलो. पण कुणीतरी राहिलं तिथे.” त्याने हसायचा प्रयत्न केला. “त्या रात्रीपासून आडवा झालो की उठवत नाही. जागा असतो, ऐकू येतं सगळं, अंग हलत नाही. सादाला कळलं तशी ती रोज सकाळी उशाशी बसून म्हणायची, कट! मग उठायचो. शेजारी हसायचे. ती गेल्यापासून मी भिंतीला टेकून झोपतो. सहा वर्षं झाली. आता घरी बसायचे दिवस आले, त्सुरु-सान, मला फार काही नको. एकदा पाठ टेकून झोपायचंय.”

त्सुरुकोच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने ते पुसले नाही. या माणसासाठी सत्तावीस वर्षांत आपण तुकडे जमवण्यापलीकडे काही केले नाही, याचे तिला तेव्हा फार वाईट वाटले.

आताचा कॅमेरामन कुराहाशी १९४१ला कॅमेऱ्यावर हाताखालचा कामगार होता. तिने त्याला कँटीनमध्ये गाठले. नूडल्सचा वाडगा त्याने तसाच बाजूला सारला.

“फिल्म मोजून मिळायची त्या वर्षी,” तो म्हणाला. “उरलेला तुकडा भरला होता मी. पुरेल म्हटलं. तो पडला आणि फिल्म संपली. दिग्दर्शकांना सांगितलं असतं तर कानाखाली बसली असती. मी म्हणालो, सगळं मिळालं. ते तसेच गाडीत जाऊन बसले.” मग हळू आवाजात, “मला वाटलं, एका हसण्यानं काय होतंय.”

“आता घ्यायचं ते.”

“बावीस वर्षांनी?”

“फिल्म नवी कोरी भर. नव्वद फूट. आणि या वेळी मला खोटं सांगू नकोस.”

पोशाखांच्या कोठारात करड्या पट्ट्यांचा किमोनो सापडला. कोठाराची बाई म्हणाली, हा युद्धानंतर बाहेर निघाल्याची नोंद नाही. उजव्या खांद्याला ठिगळ होते. शिवणीत वाळू होती. कुराहाशीने ती बोटाने काढायला सुरुवात केली आणि मग हात पुसला. वाळू ओली होती.

गुरुवारी, टळटळीत दुपारी, तिघे कात्सुरा नदीच्या वाळवंटात गेले. पलीकडच्या काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. कुराहाशीने तिवई रोवली. शिन्पेईने मापे न घेता जागा दाखवली, “इथेच.” किमोनो त्याला अजून नीट बसत होता.

“कट कोण म्हणणार?” कुराहाशीने विचारले.

“त्सुरु-सान म्हणतील,” शिन्पेई म्हणाला. “कापणं त्यांचंच काम आहे.” तिघेही हसले, आणि ते हसणे लगेच थांबले.

कॅमेरा घरघरू लागला. शिन्पेई कंबरेतून मागे वाकला. सावरल्यासारखा झाला. पडला.

त्सुरुकोने दहा अंक मोजले.

“कट!”

तो हलला नाही. वाऱ्याने किमोनोची कड उडत होती.

“कट!” तिचा आवाज चिरकला.

मग खांद्यावरचे ठिगळ हलले. तो कुशीवर वळला, थेट भिंगात बघून मनापासून हसला, आणि एका झटक्यात उभा राहिला. पन्नाशीच्या माणसाने वाळूतून असे उठावे याचे तिला कौतुक वाटले.

“मिळालं,” कुराहाशी म्हणाला. “देवाशपथ मिळालं.”

शिन्पेईने अंगावरची वाळू झटकली. “केवढा वेळ लावला हो तुम्ही,” तो म्हणाला. “चला, मी निघतो. सादा पाणी तापवून बसली असेल.”

रोज बायकोच्या तसबिरीशी बोलणारा माणूस, त्यात नवल ते काय. कोऱ्यूजी देवळाच्या दारापाशी ट्राममधून उतरल्यावर तो डावीकडे वळला. त्याचे घर उजवीकडे होते. डावीकडे, युद्धाच्या आधी, तो आणि सादा भाड्याने राहत असत. त्सुरुकोला वाटले, आनंदात आहे, फिरून जाईल.

दुसऱ्या सकाळी तो संकलनाच्या खोलीत आला. चेहरा तुकतुकीत, डोळे निवळलेले.

“झोप लागली?” तिने विचारले.

“लागणार नाही तर काय? देवळाच्या ओसरीवर पाठ टेकली ती उजाडेपर्यंत.”

पाठ टेकली, एवढेच तिने ऐकले. ती उठून त्याच्यासमोर खाली वाकली आणि रडली. तो गोंधळून बघत राहिला. मग त्याची नजर विजेच्या शेगडीवरून, कोपऱ्यातल्या टेलिव्हिजनवरून फिरत तिच्यावर थांबली.

“त्सुरु-सान, तुमचे केस कधी पांढरे झाले?”

“चेष्टा पुरे.” तिने टेबलावरची फळे पुढे केली. “तुमचीच आहेत. थुंकले नाही.”

त्याने एक फळ उचलून वास घेतला आणि परत ठेवले. “कुणी वाळवली ही? छान आहेत.”

तिने काड्या आपल्याकडे ओढून घेतल्या.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. दारापाशी तो वळला तेव्हा तिने पाहिले, त्याच्या दाढीच्या खुंटांत एकही पांढरा नव्हता. “सादा दिसली का तुम्हाला? घरात भलतीच माणसं राहताहेत. मला ओळखत नाहीत म्हणतात.”

तो वाकून नमस्कार करून गेला. जिन्यावर त्याची शीळ ऐकू आली. शिन्पेईला तिने शीळ घालताना ऐकले होते, पण फार पूर्वी.

अकरा वाजता फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेतून नदीवरच्या फिल्मची डबी आली.

तिने आधी पत्र्याचा डबा उघडला आणि शेवटचा तुकडा उजेडात धरला. शिन्पेई हसत होता. त्याच्या शेजारी कुणी नव्हते. बाही मोकळ्या मातीवर टेकली होती. तिने बर्फ पाहिला, अंगण पाहिले, देवळाची पायरी पाहिली. सगळे उठले होते.

मग तिने नवी फिल्म यंत्रावर चढवली.

वाळू. नदी. पलीकडे गळ टाकून बसलेला म्हातारा. शिन्पेई मागे वाकतो, सावरतो, पडतो.

तिने दहा अंक मोजले.

तो उठला नाही.

वाऱ्याने किमोनोची कड उडत होती. म्हाताऱ्याने गळ वर काढला, आमिष लावले, पुन्हा टाकला. वीस फूट गेले. चाळीस फूट. या जागी हसू होते, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, कुराहाशीने पाहिले होते. पडद्यावर पांढऱ्या खुंटांचा, सुरकुतलेला, तिचा शिन्पेई पाठ टेकून पडला होता. डोळे उघडे होते. तो भिंगाकडे बघत होता, आणि ऐकत होता.

“कट,” त्सुरुको म्हणाली.

नव्वद फूट संपत आले.

“कट. शिन्पेई-सान, कट!”

शेवटची चौकट आली आणि तिने यंत्र थांबवले. मोटरचा आवाज बंद झाला, फिरकी थांबली.

पडद्यावर, वाळूत, त्याच्या उजव्या हाताची करंगळी हळूच वर झाली. दोनदा.