सासरहून आलेला खोका

मुलीने खोका टेबलावर ठेवला, त्यातून लग्नाचा पोशाख काढला आणि उलगडून दाखवला. मोतिया रेशीम, गळ्यापाशी बारीक हातकाम, आणि खांद्यापासून घेरापर्यंत चार लांब चिरा.

"सासूबाईंनी स्वतः शिवून पाठवलाय," ती म्हणाली. "खोका सगळ्यांसमोर उघडला, तर आत हे. काकू, कोणी केलं ते मला कळायला हवं. लग्न पुढच्या महिन्यात आहे. त्या घरात मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

वहिनी पोशाख सोडून खोकाच उलटासुलटा करून बघत होत्या. परक्यांच्या बॅगा उघडण्यात त्यांची कस्टम्समधली सगळी नोकरी गेली होती, आता निवृत्तीनंतर त्या लोकांची कोडी उघडत. सोबतीला त्यांचे धाकटे दीर, भावोजी. गाडी चालवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही भावोजींची दोन कामं. दुसरं ते फार मनापासून करत.

"कस्टम्सची छापील टेप इथे खाली आहे," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या, "आणि खाकी टेप तिच्यावर."

भावोजींना त्यात काही विशेष दिसलं नाही. "नवरामुलगा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही." मुलगी बोटातली अंगठी फिरवत होती. "तो बोटीवर असतो. समुद्रात रेंज नसते, त्याची सवय आहे मला. पण मी पोशाखाचे फोटो पाठवले, नको नको ते लिहिलं, तरी गप्प. मग त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही. एरवी मध्ये तो असतो. ती नुसती रडत होती. मीही तोंडाला येईल ते बोलले आणि फोन ठेवला."

"चोराच्या मनात चांदणं," भावोजी म्हणाले.

या लग्नाने मुलीला आधीच रडकुंडीला आणलं होतं. दोन देशांच्या कचेऱ्या एकमेकींचे शिक्के मानायला तयार नव्हत्या, निम्म्या पाहुण्यांचे व्हिसा अडकले होते, आणि लग्न लावणारा काय बोलतोय हे दोन्हीकडच्या मंडळींना कोण समजावणार, हेही ठरत नव्हतं. पोरीने एकटीने हा गाडा ओढत आणला होता.

तिच्या घरी पहिली गाठ पडली आत्याशी.

"संशय माझ्यावर असणार, माहितीय मला," आत्या म्हणाली. "दुरून डोंगर साजरे, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. पण मला मोडायचंच असतं तर मी तिचं विमानाचं तिकीट फाडलं असतं. एवढं चांगलं रेशीम कशाला नासवू?"

"खोका कोणी घेतला?" वहिनींनी विचारलं.

"मीच. पोरगी कामावर होती. मेला इतका जड, मला उंबऱ्याच्या आतसुद्धा ओढवेना. शेवटी भावाला हाक मारली. त्याची पुस्तकबांधणी खालीच चालते, तिथे नेऊन ठेवला त्याने."

"आणि वर कोणी आणला?"

"मी," मुलगी म्हणाली. "संध्याकाळी आल्यावर काखेत मारला आणि आणला."

जिना उतरताना भावोजी कुजबुजले, "आत्याबाईच. अहो, जवळजवळ कबूलच केलं त्यांनी."

वहिनी नुसतं "हं" म्हणाल्या.

खाली खळीचा वास भरून राहिला होता. मुलीचे वडील स्टीलच्या पट्टीला सुरी लावून पुठ्ठा कापत होते. बोलताना त्यांची नजर सुरीवर नव्हती, तरी रेघ सरळ जात होती.

"खोका इथे असताना कोण आलं होतं?"

"गिऱ्हाइकं येतात, जातात."

"तुम्हाला काय वाटतं, हे कोणाचं काम?"

"तिकडच्याच लोकांचं. एवढ्यावर मोडलं तर सुटलो म्हणायचं, बाई. राग काय, आज ना उद्या निवतो."

कोपऱ्यात एक जुनी पत्र्याची ट्रंक होती. तिला कोरं कुलूप होतं. वहिनी त्या कुलपाकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी भावोजींना सगळ्यांना खाली बोलवायला सांगितलं.

"उत्तर मिळालंय," त्या मुलीला म्हणाल्या. त्यांचा आवाज भावोजींना नेहमीचा वाटला नाही. "पण एकदा ऐकलंस की मागे फिरता येणार नाही. नको असेल तर आत्ताच सांग."

"सांगा, काकू."

"खोका तपासून झाला की शेवटची टेप कस्टम्सची असते. इथे तिच्यावर दुसरी टेप आहे. म्हणजे तपासणीनंतर, या देशात कोणीतरी तो उघडला. आत्याबाईंना जो ओढवला नाही तो तू काखेत मारून आणलास. म्हणजे मधल्या वेळात त्यातून काहीतरी निघालं. मधल्या वेळात तो इथेच होता. आणि चिरा पाहिल्यास? संतापलेल्या माणसाचा हात वेडावाकडा चालतो. या चारही पट्टी लावल्यासारख्या सरळ आहेत. ज्याला वाकडं कापताच येत नाही, असा माणूस या घरात एकच आहे."

मुलगी वडिलांकडे वळली. "बाबा?"

"थांब," वहिनी म्हणाल्या. "का, ते अजून राहिलंय. सुनेच्या पोशाखासोबत एखादी आई एवढं जड काय पाठवेल? मुलगा गप्प, आणि ती नुसती रडते. बोटीवरून माणसाशिवाय आलेलं सामान मी नोकरीत पुष्कळ तपासलंय, बाळा."

वडिलांनी किल्ली काढली आणि ट्रंक उघडली. निळं जाड जॅकेट, बूट, दाढीचं सामान, लोकरीचा स्वेटर. मुलीने स्वतः विणलेला. खाली एक डबी होती, डबीत तिच्या बोटात होती तशीच अंगठी.

"कंपनीत फोन केला होता मी," वडील म्हणाले. "माल चढवताना साखळी तुटली म्हणे. वाटलं, रागावलेली पोर वर्षभरात सावरते. रडणारं माणूस सावरत नाही. तुझी आई गेल्यावर मी कुठे सावरलो?"

"तिला बोलता येत नव्हतं म्हणून तिने हे पाठवलं," मुलगी म्हणाली. "आणि मी तिला काय काय बोलले."

"कळलं नसेल तिला," भावोजी म्हणाले. "भाषा येत नाही ना."

"आवाज कळतो," वहिनी हळूच म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा भावोजींना वाटलं, गुन्हेगार आत्याबाईच निघायला हव्या होत्या.

मुलीने फोन लावला. पडद्यावर एक थकलेली बाई आली आणि दचकून मागे सरली, पुन्हा शिव्या ऐकाव्या लागतील म्हणून. मुलीने बोटातली अंगठी पुढे धरली, शेजारी डबीतली धरली. दोघी कितीतरी वेळ रडल्या. मध्ये समजावून सांगणारं कोणी नव्हतं.

मग त्या बाईने डोळे पुसले, स्वतःच्या खांद्याला आणि कमरेला हात लावून काहीतरी विचारलं. मुलीने पोशाख उचलला, अंगाशी धरला. चिरा दिसू नयेत म्हणून चारही दुमडून मुठीत घट्ट धरल्या, आणि अगदी मापात बसतो, अशी मान हलवली.