तिसऱ्या मजल्यावरचा आंबट वास

"हे... पीठ आहे," निळा शर्ट काउंटरवर ठेवत तो म्हणाला. "म्हणजे, फक्त पीठच आहे."

मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम करते. डाग घेऊन येणारी माणसं थोडंफार खोटं बोलतातच, म्हणून मी कुणाचं ऐकत बसत नाही. कपडा उचलते आणि हुंगते. आमचे मालक म्हणतात, मशीन बंद पडलं तर चालेल, हिला सर्दी व्हायला नको.

मी शर्ट नाकाशी नेला आणि माझे हात तिथेच थबकले.

आंबट. त्याच्याखाली जास्त पिकलेल्या फळासारखं काहीतरी, आणि त्याच्याही खाली नेलपॉलिश काढायच्या पाण्याची एक बारीकशी झाक. हा वास मला पाठ होता. पंधरा दिवस आमच्या तिसऱ्या मजल्यावर तो रेंगाळत होता. दोनच दिवसांपूर्वी मी याच दुकानाच्या प्रिंटरवर एक चिठ्ठी छापून आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चिकटवली होती. खाली नाव न घालता.

'तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी घरात काहीतरी कुजवत आहे. सगळ्यांना त्रास होतो. माणसांनी माणसांसारखं राहावं.'

शेवटचं वाक्य लिहिताना मला फार आवडलं होतं.

"कसं काय सांडलं?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"बरणी फुटली. बसमध्ये." त्याचे कान लाल झाले. "आंबवलेलं पीठ असतं ना, स्टार्टर म्हणतात, ते फुगतं. झाकण घट्ट लावायचं नसतं. मला माहीत आहे ते. पण वास येऊ नये म्हणून... पंधरा दिवसच झालेत नव्या इमारतीत राहायला येऊन, आणि लगेच माझ्याबद्दल तक्रार आली आहे. त्यामुळे मी बरणी रोज कामावर घेऊन जातो आणि संध्याकाळी परत आणतो."

मी पावतीवर मान खाली घालून पत्ता विचारला. त्याने माझाच पत्ता सांगितला. फक्त दार वेगळं, जिन्याच्या टोकाचं. मी तो नवा असल्यासारखा सावकाश लिहून घेतला.

"तुम्हीपण तिथेच राहता ना?" तो एकदम म्हणाला. "लिफ्टमधून उतरताना पाहिलंय तुम्हाला. पाठमोरं. म्हणजे तुम्हालाही त्रास झाला असणार... माफ करा हं."

सांगायची ती वेळ होती. अगदी सोपी वेळ.

"मला?" मी म्हणाले. "मला तर कधीच काही वास आला नाही."

शर्ट अजून माझ्या हातात होता, नाकापासून वीतभर अंतरावर.

तो हसला. असा हसला की जणू मी त्याच्या पाठीवरचं ओझं उचलून खाली ठेवलं. दात सुरेख होते. ते का, हे नंतर कळलं — तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा.

तो शर्ट मी मशीनला दिलाच नाही. गरम पाण्याने पीठ शिजून कापडाला धरतं, म्हणून गार पाण्यात भिजवून, नखाने हळूहळू सोडवून स्वतः धुतला. दोनदा.

चार दिवसांनी तो शर्ट न्यायला आला, आणि त्याच संध्याकाळी आमच्या घराची बेल वाजली. मी आत्याकडे राहते. आत्याने दार उघडलं, तर तो रुमालात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांत धरून उभा. "टॉर्टिया आहेत, मेक्सिकन पोळ्या," तो म्हणाला. "त्याच पिठाच्या. तुम्हाला वास येत नाही म्हणालात, म्हणून म्हटलं चवही बघा."

तो गेल्यावर आम्ही रुमाल उलगडला. आतून वाफ आली. पातळ, मऊ, अंगावर तपकिरी ठिपके. मी एक तुकडा तोडला... आधी लोण्याची चव, मग जिभेच्या कडेला हलकासा आंबटपणा, आणि गिळल्यावर पुन्हा घ्यावासा वाटणारं काहीतरी.

आत्याने तीन खाल्ल्या. मग हात पुसत म्हणाली, "आपल्या दोघींच्या तोंडात किडे पडणार आहेत." चिठ्ठी चिकटवायला चिकटपट्टी तिनेच कापून दिली होती. "जा आणि सांगून ये त्या कवळीवाल्याला. आत्ताच्या आत्ता."

"उद्या सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "मला शिकवाल का?"

त्यानंतरचे रविवार... रविवारी सकाळी दहाला मी त्याच्या दारात. मैदा, मीठ, लोणी, कोमट पाणी आणि बरणीतलं ते बुडबुड्यांचं पीठ, सगळं एकत्र मळायचं आणि झाकून ठेवायचं. दुपारी गोळे करायचे, ओल्या कापडाखाली पुन्हा ठेवायचे. मग लाटायचं. मधला वेळ नुसता मोकळा. त्या मोकळ्या वेळासाठीच मी जात होते, हे मला दुसऱ्याच रविवारी कळून चुकलं.

"घाई करू नका," तो म्हणायचा. "गोळ्याला पुरेसं पडू दिलं नाही, तर लाटलेलं परत आकसतं. बघा... गेलं ना आत?"

"माझ्यावर रुसलंय."

"तुमच्यावर कोण रुसणार?"

मी लाटण्याकडे बघत राहायची. त्याच्या बोटांवर कवळ्यांच्या प्लास्टरची पांढरी भुकटी कायम असायची, मैदा कुठला आणि प्लास्टर कुठलं कळायचं नाही. एकदा माझ्या गालाला पीठ लागलं होतं. त्याने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला, आणि म्हणाला, "तिथे... डावीकडे." मी मुद्दाम उजवा गाल पुसला. तो ओठ दाबून हसला, पण हात काही पुढे आला नाही.

तो असाच होता. जवळ यायचा आणि एक पाऊल मागे जायचा. लिफ्टमध्ये अगदी कोपऱ्यात उभा राहायचा. बाहेर पडण्याआधी स्वतःची बाही नाकाशी नेऊन बघायचा... पटकन, कुणाला दिसू नये अशी. मला दिसायचं.

तिसऱ्या रविवारी मी लोणी काढायला फ्रिजपाशी गेले. फ्रिजच्या दारावर ती चिठ्ठी होती. माझी चिठ्ठी. चुंबकाखाली नीट लावलेली.

"ही... का ठेवली?" मी विचारलं.

"लक्षात राहावं म्हणून." तो ओटा पुसत होता. "बाबा दोन वर्षं अंथरुणावर होते. मी एकटाच होतो करायला. कितीही धुतलं तरी घराला वास यायचाच. नातेवाईक यायचे आणि दारातूनच बोलायचे, नाकाला रुमाल लावून. मामा एकदा म्हणाला, जरा माणसांसारखं राहा रे. अगदी हेच शब्द." त्याने फडकं पिळलं. "मी जगाच्या कवळ्या करतो, पण बाबा माझी कवळी घालायचे नाहीत. टोचते म्हणायचे. म्हणून हे मऊ टॉर्टिया शिकलो. हेच तेवढं ते खायचे. बरणीतलं पीठ तेव्हापासूनचं आहे. फुटली त्यातून चमचाभर वाचलं, तेच पुन्हा वाढवलंय."

खिडकीच्या काचेवर पाऊस बारीक टकटक करत होता. मी फ्रिजचं दार धरून उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि मी का रडते आहे हे सांगावं लागलं असतं. त्याने त्याचा वेगळाच अर्थ घेतला. "अहो, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता," तो हळूच म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्या मनगटाला हात लावला.

ज्या हाताने मी ती चिठ्ठी चिकटवली होती, त्याच हाताच्या मनगटाला. त्या दिवशी घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

"सांगितलंस?" आत्याने विचारलं.

"नाही."

"आवडतो ना तुला?"

"म्हणूनच नाही ना सांगता येत."

आत्याने माझ्या हातात टॉवेल दिला आणि ती आत गेली. ती ओरडली नाही की मला जास्त लागतं.

पुढच्या रविवारी तो खुशीत होता. तवा तापला होता, त्यावर पहिली टॉर्टिया फुगत होती. "मला कळलं चिठ्ठी कुणाची ते," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. चिठ्ठीत एकही शुद्धलेखनाची चूक नाही, दुसरं कोण असणार? आज दहा टॉर्टिया घेऊन त्यांच्याकडे जातो. हात जोडतो. म्हणतो, सर, तुम्हाला त्रास झाला, माझं चुकलं."

माझ्या डोळ्यांपुढे ते म्हातारे मास्तर आले. आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभा असलेला हा.

"नका जाऊ," मी म्हणाले.

"का?"

"ती मी लिहिली आहे."

त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे. हसू आधी त्याच्या ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून. तव्यावरची टॉर्टिया काळी पडायला लागली होती. त्याने गॅस बंद केला.

"दुकानात आलो, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"शर्ट हुंगला तेव्हा कळलं."

"आणि मी बाबांचं सांगितलं तेव्हा?"

लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या स्वयंपाकघरात कळलं. अंगभर कुणीतरी ओलं फडकं गुंडाळल्यासारखं झालं होतं, आणि ते सोडवायला हात वर होत नव्हते.

"आज राहू दे," तो म्हणाला. रागाने नाही... दमल्यासारखा. दारापर्यंत मला सोडायलाही आला. ते सगळ्यांत वाईट होतं.

त्या आठवड्यात आम्ही एकमेकांना टाळलं. मी लिफ्ट सोडली, जिन्याने ये-जा करू लागले. दुकानात माझं नाक चालेना. मालकांनी दोनदा विचारलं, सर्दी झाली का. रोज वाटायचं, जावं, पाया पडावं, काहीही करावं. पण त्याच्या दारात जाऊन रडणं म्हणजे पुन्हा त्यालाच माझं सांत्वन करायला लावणं. लिहिलं होतं मी चारचौघांत, मग चूकही चारचौघांतच कबूल करायला हवी होती.

शुक्रवारी मी दुसरी चिठ्ठी लिहिली. हाताने.

'तिसऱ्या मजल्याबद्दलची आधीची चिठ्ठी मी लिहिली होती. तिथे काहीही कुजत नव्हतं. पीठ आंबत होतं आणि ते खूप चवदार लागतं. न विचारता, नाव न घालता लिहिलं, याची मला लाज वाटते.' खाली माझं पूर्ण नाव आणि दाराचा नंबर. ती लिफ्टमध्ये त्याच जागी चिकटवली.

शनिवारी सगळी इमारत माझ्याकडे बघत होती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी "तू होय ती" एवढंच म्हणून मान फिरवली. हेडमास्तर जिन्यात भेटले. "शुद्धलेखन उत्तम आहे," ते म्हणाले. "बाकी विचार कर." मी खाली मान घालून हो म्हणाले.

रविवारी दहा वाजले. मी कुठेच गेले नाही. आत्या ओट्यावर मुद्दाम भांडी आपटत होती. साडेदहाला बेल वाजली. आत्याने दार उघडलं, बाहेर बघितलं, आणि पायात चपला सरकवून म्हणाली, "मी जरा हेडमास्तरांकडे जाऊन येते. तासभर लागेल. कदाचित दोन."

तो दारात उभा होता. हातात छोटी बरणी. झाकण सैल.

"अर्धं पीठ आणलंय," तो म्हणाला. "वास आला तर सांगा."

"येतोय," मी म्हणाले. खरं तेच.

"कसा आहे?"

"आंबट. थोडा फळासारखा. नेलपॉलिशची झाक नाही, म्हणजे तुम्ही शिकवलंत तसं, पीठ आज भुकेलेलं नाहीये."

तो आत आला. बरणी टेबलावर ठेवली. माझी नजर वर होईना. त्याचे बूट दिसत होते, एकावर प्लास्टरचा ठिपका होता, मी त्याच्याकडेच बघत होते.

"मी अजून चिडलोय," तो म्हणाला. "आठ दिवस रोज चिडायला बसलो. पण मधेच आठवायचं, तुम्ही दहा वाजता येता तेव्हा आधी दारात थांबून केस नीट करता. दाराच्या भिंगातून दिसतं ते. मग रागावणं राहूनच जायचं."

"ते पण बघत होतात?"

"बघत होतो. मीही सांगितलं नव्हतं."

"हे आणि ते एक नाही."

"नाही, एक नाही," त्याने लगेच कबूल केलं. "तुमचं जास्त वाईट आहे. पण मला तुम्ही आवडता. तुम्ही स्वतःचं नाव लिहून सगळ्यांच्या नजरा झेलल्या, ते बघून आणखीच... आणि राग आहे तो आहेच. दोन्ही एकदम आहे. चालेल तुम्हाला?"

मला हसायचं होतं, पण रडू आलं. "मला अजून खूप लाज वाटते," मी म्हणाले.

"वाटू दे," तो म्हणाला. "मी काही ती घालवायला आलो नाही. नुसता आलोय."

मग आम्ही मैदा चाळला. लोणी चोळलं, मळलं, झाकून ठेवलं. मधल्या मोकळ्या वेळात तो खिडकीपाशी बसला होता आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तर मी तिथे जाऊन बसले. तो मागे सरकला नाही. दुपारी माझी पहिली टॉर्टिया कशाच्याच आकाराची झाली नाही. मी ती परत गोळा करायला निघाले, तर त्याने पिठाच्या हाताने माझा हात धरला... आणि तसाच धरून ठेवला.

आमच्यात इतके दिवस अहो-जाहो चाललं होतं. तो माझ्या कानाशी वाकला आणि अगदी हळू म्हणाला,

"अगं, राहू दे तशीच. तवा तापलाय."