माईची पाठवणी

तुम्ही चपला वर गल्लीत काढून आलात, म्हणून सांगते. नाहीतर घाटावर येणाऱ्यांशी माझं भांडणच होतं. पायरीवर पान थुंकतात, बुटांनी उभे राहून फोटो काढतात आणि वर मलाच विचारतात, काशीत अजून पाहण्यासारखं काय आहे? तो दिवा जरा आत सरकवा. वारा सुटलाय.

आम्ही निषाद, नाववाले. भादव्याचं पाणी ओसरलं की घाटावर पुरुषभर गाळ उरतो. नदीचंच पाणी पंपाने ओढायचं आणि जाड नळीने वरून खाली पायऱ्या मोकळ्या करत जायचं, हे दरवर्षीचं काम. त्या दुपारी मी वर्गाला दांडी मारून, ओढणी कमरेला खोचून, फावडं घेऊन उतरले होते. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता.

"एमएवाली फावडं धरायला लागली!" पंपवाला लालजी ओरडला. "आता माझी नोकरी गेली!"

"आधी बूट काढ, मग नोकरीचं बोल," मी म्हटलं.

तो हसला. बूट काही काढले नाहीत.

आमच्या मोहल्ल्यात पूर आला असं कुणी म्हणत नाही. गंगामाई माहेरी आली म्हणतात. आलेल्या लेकीला कुणी हाकलतं का? ती परत निघाली की मोहल्ल्यातली थोरली सवाष्ण खाली उतरते आणि तिची ओटी भरते. तांदूळ, हळकुंड, दूर्वा. ही पाठवणी झाल्याशिवाय नळी चालत नाही.

थोरली सवाष्ण म्हणजे माझी फुलमतीकाकी. आणि त्या वर्षी काकी ओटी भरायला तयार नव्हती.

पाणी चढत होतं तेव्हा तिचे यजमान, बिसेसरकाका, नावा बांधायला उतरले होते. नावा सगळ्या सापडल्या. काका सापडले नाहीत. तो पितृपक्षाचा शेवटचा दिवस होता. देह नाही, म्हणून कुशाच्या गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तोही सूर्य बुडायच्या आत. घाटावरचे पुरोहित तिवारीबाबा, त्यांनी पुतळा वळून तयार ठेवला होता. पण काकी वरच्या पायरीवर बसून राहिली होती, कपाळावर ठसठशीत सिंदूर घालून.

"माईची पाठवणी मी केलेली नाही," ती म्हणाली. "ती अजून इथंच आहे. मग तिच्याबरोबरचा माणूस गेला असं कसं म्हणता तुम्ही?"

"फुलमती, अडवू नकोस गं त्याला," तिवारीबाबा म्हणाले. "तुझ्या हट्टापायी तो ना इकडचा राहील ना तिकडचा. अशाने भटकत राहतो माणूस."

"भटकू दे. जन्मभर उशिराच घरी आलाय तो."

कुणी हसलं नाही. मला बाबांचा राग येत होता. ओटी भरली की संध्याकाळी पुतळा जळणार, मग सिंदूर पुसणार, आणि मग पुढच्या वर्षी हीच काकी माईजवळ जाण्यालायक नाही असं हेच बाबा सांगणार. हा कुठला न्याय?

तेवढ्यात लालजीने पंप सुरू केला.

"अरे थांब! पाठवणी व्हायचीय!"

"मला अजून पुढचे घाट धुवायचेत, ताई. माई रागावली तर माझं नाव सांगा!"

नळी फुरफुरली आणि पाण्याचा झोत गाळावर आदळला. गाळ फाटला, गडगडत खाली गेला. कुजलेल्या झेंडूचा, मेलेल्या माशांचा वास वर आला. पायऱ्या उघड्या पडत गेल्या, धुतलेल्या, काळ्या. आणि मग पंप... बंद पडला नाही. नीट ऐका. लालजीचा हात खटक्यापर्यंत पोचला नव्हता, इंजिन थरथरताना दिसत होतं, पण आवाज थांबला. सगळेच आवाज थांबले. वरच्या देवळातली घंटा हलत होती, तीही मुकी. फक्त नदी ऐकू येत होती. खालून नाही... आमच्या मागून, गल्लीच्या बाजूने, जशी ती भर पुरात ऐकू येते तशी.

"ताई..." लालजीचे ओठ हलले, ते मी नुसते पाहिले.

तो पायरीकडे बघत होता.

गाळ सगळा वाहून गेला होता. उरला होता तो फक्त पावलांच्या आकाराचा. ठसे नव्हेत. ठसा खोल असतो. ही गाळाची पावलं होती, दगडावर उभी राहिलेली, आणि त्यांच्यावर नळीचं पाणी आपटून दोन्हीकडे फुटत होतं. पाण्यातून निघून एकेक पायरी वर चढत आलेली. त्यांतली एक रांग पुरुषाची, डावा पाय बाहेर फाकलेला. नाव अंगावर पडल्यापासून काका तसेच चालत. तिच्या शेजारी बाईची पावलं. लहान, भरलेली, बोटांत जोडव्यांच्या खुणा.

लालजीने नळी सोडली. मग खाली बसून बूट काढले.

मला भीती वाटली का? वाटली. पण ती अंगावर धावून येणारी नव्हती. फार मोठं कुणी आपल्या अगदी जवळ येऊन उभं राहावं आणि आपल्याला मान वर करता येऊ नये, तशी होती. मी हात जोडले.

पावलं काकी बसली होती त्याच्या एकच पायरी खाली येऊन थांबली होती. दोघांचीही. बोटं काकीच्या घराकडे. परतीचं एकही पाऊल नव्हतं.

काकी उठली, घरात गेली आणि सूप घेऊन आली. तांदूळ, हळकुंड, दूर्वा.

"मीच थांबवून ठेवलं होतं की गं तुम्हाला..." ती म्हणाली. तिचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला. "माई, ही माझ्या हातची शेवटची ओटी. सांभाळून जा. आणि याला सोबत ने. डावा पाय दुखतो त्याचा... हळू चालव."

तिने तांदूळ त्या लहान पावलांवर ओतले. मग तांब्याने पाणी घातलं. काकांची पावलं साखरेसारखी विरघळली, एकेक करत, वरून खाली, पाण्यापर्यंत. त्यांच्या मागोमाग दुसरीही गेली. एकदम पंपाचा आवाज कानांवर आदळला आणि मी दचकून किंचाळले.

सूर्य बुडायच्या आत पुतळ्याला अग्नी मी दिला. पुतणीने द्यावा की नाही, यावरून बाबांशी भांडायची तयारी करून गेले होते. पण जळतं गवत माझ्या हातात देताना त्यांनीच मला नमस्कार केला.

तिथून परतल्यावर काकीने बांगड्या उतरवल्या. शांतपणे, एकेक. मी तिच्याजवळ बसले.

"लेक सासरी निघताना ओटीतले चार दाणे माहेरी ठेवते," ती म्हणाली. "परत येईन म्हणून. पुढच्या वेळी जी ओटी भरणार असेल, तिच्या पदरात. माईने काही ठेवलं नाही गं. माझा पदर कोरडाच आहे."

"काकी, नदी कुठं दाणे..."

काकी माझ्या ओढणीकडे बघत होती.

ओढणी दुपारपासून माझ्या कमरेला खोचलेली होती. तिच्या टोकाला एक गाठ होती. मी मारलेली नव्हती. काकीने ती हातात घेतली, आतले दाणे चाचपले, पण सोडवली नाही. गाठ बर्फासारखी गार होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

अजून ठिबकतं.