तिसऱ्या गोळीचा धूर

"सहावं काडतूस घालू नकोस!"

मार्नी इतकी दचकली, की काडतूस तिच्या बोटांतून निसटून टेबलावर घरंगळत गेलं. समोर एक उंच, उन्हाने रापलेला तरुण उभा होता. त्याने ते अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं.

"पण... घरं सहा आहेत ना याला?"

"आहेत. भरायची पाचच. असल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा, ही मागची हातोडी, रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा. नाहीतर जरा धक्का लागला, की गोळी थेट पायात."

"कुणाच्या?"

"सध्या तरी... माझ्या."

एरवी ती हसली असती. पण तिच्या तोंडाला अशी कोरड पडली होती, की ओठसुद्धा हलेनात. वायोमिंगच्या त्या उघड्या माळावर वारा नुसता पिसाटला होता, पलीकडे धाड धाड बार उडत होते, आणि प्रत्येक बाराला तिचे डोळे गच्च मिटत होते.

"घाबरली आहेस," तो म्हणाला.

"मुळीच नाही!"

"बरं, नाहीस. मी ओरिन. घोड्यांना नाल ठोकतो. इथे मात्र मला डॉक्टर मळमळ म्हणतात. जुन्या काळच्या नेमबाजीचा क्लब आहे हा, इथे खरं नाव चालत नाही. तुझं काय?"

"मला नाव नकोय. मी काही इथे राहायला आलेली नाही."

"अगंबाई! इतक्यात निघालीससुद्धा?" तो हसला, आणि त्याच्या डाव्या गालाला बारीकशी खळी पडली. अशा वेळी खळीकडे बघायचं असतं का? पण मार्नीने बघितलं खरं.

ते रिव्हॉल्व्हर तिच्या पणजोबांचं. पणजोबांकडून आजोबांकडे, आजोबांकडून वडिलांकडे आलेलं. दर उन्हाळ्यात तिचे वडील गुडघ्यापर्यंतचे बूट आणि जुनाट कोट चढवून क्लबाच्या सामन्यांत ते चालवायचे. पोलादी पाट्या टणाटण वाजवायचे आणि संध्याकाळी धुराने काळवंडलेलं तोंड घेऊन लहान मुलासारखे खूश होऊन घरी यायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मार्नी ते रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवून द्यायला निघाली, तशी व्हर्ना आत्या कडाडली, "कपाटात ठेवलंस ना, तर माझ्या भावाला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं होईल! ऑगस्टात त्याच्या नावाचा सामना आहे. पहिला बार त्याच्या पोरीने काढायचा."

झालं! आत्यापुढे कुणाचं काय चालणार? मार्नीने मनाशी ठरवलं, बाबांसाठी एकदाच पाच गोळ्या झाडायच्या, की सुटले.

पण भीती काही सुटेना. त्यात ओरिनने एक दिवस अगदी शांतपणे सांगितलं, "हे हत्यार म्हातारं आहे. काळ्या दारूचीच काडतुसं झेपतात त्याला. आणि कधी गोळी नळीत अडकून राहिली आणि त्यावर दुसरी झाडलीस, तर नळी फाटेल."

"आणि माझा हात?"

तो पितळी सळईने नळी साफ करू लागला. त्या रात्री मार्नीला झोप लागली नाही.

तरी शनिवार आला, की ती माळावर हजर! बाबांसाठी... असं ती स्वतःला सांगायची. ओरिन वेळ मोजणारा. हातात शिट्टी मारणारी छोटी पेटी घेऊन तो नेमबाजाच्या खांद्यामागे, हाताच्या अंतरावर उभा राहायचा. तो नियमच होता. पण मार्नीच्या मागे उभा राहिला, की त्याचा श्वास तिच्या मानेवर यायचा...

"डोळे मिटलेस पुन्हा."

"तुला मागून काय दिसतं?"

"तुझे कान लाल होतात."

"ते उन्हाने!"

"ढग आलेत, मार्नी."

आत्या टेबलामागून खाकरायची. "नेम पाट्यांवर धरा रे, पाट्यांवर!"

ऑगस्ट उजाडला आणि बाबांनी भरून ठेवलेली काडतुसं संपली. आत्याची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. ओरिन म्हणाला, "मी भरतो." त्याच्या शेडमध्ये मार्नी रानातल्या चोकचेरी भरून भाजलेला गोड 'पाय' घेऊन गेली आणि स्टुलावर बसली. काडतुसं भरणारा माणूस कुणाशी बोलत नाही. दार लावतो, रेडिओ बंद करतो. क्लबात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मार्नी मात्र भीतीने बाबांच्या काडतुसांकडे कधी फिरकलीच नव्हती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ओरिनने... त्याने "बस ना" म्हटलं.

"सामन्यानंतर नाच असतो म्हणे," ती म्हणाली.

"असतो."

"तुला येतो?"

"घोड्यांच्या लाथा चुकवता येतात. तेवढं पुरेल?"

ती खळखळून हसली. तो तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग त्याने खाली बघून पुढच्या काडतुसाच्या पुंगळीवर शिशाची गोळी दाबली.

सामन्याच्या दिवशी वारा आणखीच चेकाळला होता. बाबांच्या आठवणीत सगळे टोप्या काढून उभे होते. मार्नीचे तळवे घामाने चिंब. ओरिन खांद्यामागे आला आणि हळूच म्हणाला, "मी आहे."

पेटी वाजली. पहिला बार! धुराचा पांढरा लोट, आणि पाटी टणकन वाजली. दुसरा बार! पुन्हा धूर, पुन्हा टण्ण! मार्नीचे डोळे गच्च मिटलेले, अंगठा घोड्यावर. तिने तिसऱ्यांदा चाप ओढला.

टक्.

इतकंच. ना धूर, ना पाटीचा आवाज. कानांत बोळे, वाऱ्याचा घोंगाट. तिला कळलंच नाही. अंगठ्याने पुन्हा घोडा मागे खेचला, बोट चापावर वळलं...

"थांब!"

ओरिनची आरोळी वाऱ्याने उडवून नेली. त्याने झेप घेतली आणि आपला पंजा घोड्याच्या खाली घातला. त्याच क्षणी घोडा पडला. मार्नीने डोळे उघडले. घोड्याचं टोक ओरिनच्या अंगठ्याजवळच्या मांसात रुतलं होतं आणि रक्त नळीवरून ओघळत होतं. तो ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, "नळी समोरच राहू दे... सावकाश... आता सोड."

आत्याने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि नळीत पितळी सळई घातली. सळई मध्येच अडली. तिसरी गोळी आत रुतून बसली होती. त्या काडतुसात दारू नव्हतीच; बुडातल्या ठिणगीच्या धक्क्याने गोळी जेमतेम नळीत शिरली होती. आणखी एक चाप, आणि...  मार्नी मटकन खाली बसली.

"कुणी भरलं हे?" आत्याचा आवाज कापत होता.

"मी," ओरिन म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. वेळ मोजायची पेटी त्याने टेबलावर ठेवली आणि हाताला फडकं गुंडाळत गाडीकडे चालू लागला. मागे वळूनही पाहिलं नाही त्याने.

"काडतुसं भरताना बोलायचं नसतं गं, दारू घालायची राहून जाते," आत्या मार्नीला म्हणाली. मार्नी कशीबशी उठली आणि त्याच्यामागे धावली. तो गाडीत बसला होता, पण किल्ली काही भोकात जाईना. फडक्यात गुंडाळलेल्या बोटांत ती धरवेचना! ती दुसऱ्या बाजूने चढली आणि दार धाडकन लावलं.

"उतर, मार्नी. मी तुला मारलं असतं."

"तू भरत होतास तेव्हा मी बोलत होते. मला आत्याने आत्ता सांगितलं, बोलायचं नसतं म्हणून. चूक माझी."

"नाही! नियम मला ठाऊक होता. तू स्टुलावर बसलीस, तेव्हाच सांगायला हवं होतं, बाहेर जा म्हणून."

"मग का नाही सांगितलंस?"

 समोरच्या काचेवर वाळू सपासप आदळत होती.

"कारण... तू गेली असतीस."

मार्नीचं काळीज धडधडलं. पण ही धडधड वेगळीच होती. तिने त्याचा जखमी हात ओंजळीत घेतला. फडकं पार भिजलं होतं.

"दुखतंय?"

"हो. मी यापुढे कुणासाठीही काडतूस भरणार नाही."

"भरायचं. माझ्यासाठी तूच भरायचं. अरे, मला अजून भीती वाटते, खूप वाटते! तुझ्या हाताची नाही वाटत, एवढंच." तिचे डोळे भरून आले. "आणि आज तुझं काही बरंवाईट झालं असतं ना, तर मी..."

"तर?"

"तर काय ते तुला कळत नाही का रे, मूर्खा? प्रेम करते मी तुझ्यावर!"

तो वळला. रापलेल्या चेहऱ्यावर पाणी ओघळत होतं आणि त्याला पुसायला धड हातही नव्हता. तिनेच पुसलं, बाहीने, जरा रागारागानेच.

"पुढच्या वेळी शेडचं दार लावून घे," ती म्हणाली. "आतून कडी घाल. मी बाहेर पायरीवर बसेन, तोंडातून अक्षर काढणार नाही."

"थंडीतसुद्धा?"

"थंडीतसुद्धा. सगळी भरून झाली, की हाक मार. मी कुठेही जात नाही."