कुणीतरी रिव्हर्स घ्या

चष्म्याच्या दुकानातल्या शिडीचं आणि बालवाडीच्या मास्तरांचं जमलं. बोटीच्या एका बोळकंडीत, दोन्ही बाजूंची रहदारी ठप्प असताना, मावशीच्या देखत जमलं.

हे वाक्य वाचकांनी वाचलंच नाही असं समजावं. बोट कलली तेव्हा ते खालून घसरून वर आलं. आता आपल्याला काही ठाऊक नाही, कुणाचं कुणाशी काही जमलेलं नाही, आणि बोट अजून धक्क्यालाच बांधलेली आहे.

शिडी हे तिचं घरातलं नाव. माळ्यावरचं काही काढायचं असलं की घरातून हाक जायची, "शिडी कुठाय?" आणि ती यायची. घरात खरी शिडीही होती, पण ती आणायला जावं लागे. ही आपणहून यायची. तिला लहानाची मोठी मावशीनंच केलं होतं. एवढी मोठी होईल याची तेव्हा कल्पना नव्हती.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचं काम शिडीनं विचार करून निवडलं होतं. त्या कामात समोरचा माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि त्याला नीट दिसत नसतं. उंच मुलीला याहून सोयीचं गिऱ्हाईक कुठे मिळणार? उरलेल्या जगाशी ती वाकून बोलायची. खांदे आत, मान पुढे, गुडघे किंचित दुमडलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईंचं कानातलं हरवलंय.

आणि एक स्थळ आलं होतं. स्थळाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. नोकरी चांगली, घर स्वतःचं, स्वभाव गरीब. शिडी त्याच्यापेक्षा चार बोटं उंच होती (हाताची बोटं, पाण्यावरची बोट या गोष्टीत एकच आहे). त्यावर स्थळानं समजूतदारपणे तोडगा सुचवला होता: फोटोत तिनं बसायचं, जिन्यात एक पायरी खाली राहायचं, आणि चारचौघांत जरा... वाकायचं.

"सगळ्याच वाकतात गं," मावशी म्हणाली. "तुला अंतर थोडं जास्त आहे, एवढंच."

मावशी नुकतीच नोकरीतून निवृत्त झाली होती आणि तिनं स्वतःलाच बोटीची सहल भेट दिली होती. सोबतीला शिडी. बोट परत धक्क्याला लागेल त्या सकाळी स्थळाचा फोन येणार होता. हो की नाही, ते तोवर ठरवायचं.

खोली शिडीनं फोनवरून ठरवली होती. "उंच खोली द्या," ती म्हणाली होती. तिला म्हणायचं होतं, उंच माणसाची. पलीकडच्या बाईंनी ऐकलं, उंचावरची. त्यांनी तत्परतेनं सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली दिली, जिथे छत सगळ्यात खाली होतं. पलंग गोल होता. दिसायला झकास, पण कुठूनही कुठे मोजला तरी सारखाच अपुरा. मावशी घोरते म्हणून तिची खोली वेगळी, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला होती. ती एवढी बुटकी की त्या खोलीत उड्या मारू शकत होती.

पहिल्याच संध्याकाळी शिडी जेवणघर शोधत खालच्या मजल्यावर उतरली. तिथली बोळकंडी अरुंद होती. समोरून एक माणूस येत होता. येत होता म्हणजे, बोळकंडीत पुरेपूर भरून येत होता, टूथपेस्ट नळीतून येते तसा.

दोघं समोरासमोर थांबले.

"जरा बाजू द्या," ती नेहमीसारखी वाकून म्हणाली.

"दिली असती हो. पण दोन्ही बाजू मीच वापरतोय."

"मग रिव्हर्स घ्या."

"घेतो. पण मला मागचं दिसत नाही. तुम्हाला माझ्यावरून दिसतंय, तर तुम्ही सांगत राहा." मग तो जरा थांबून म्हणाला, "आणि वाकू नका. मला इथूनही ऐकू येतं."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती चमकून ताठ झाली आणि छतावरच्या दिव्यावर तिचं डोकं ठण्‌कन आपटलं.

"लागलं?"

"नाही... सवय आहे. चला. येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे कापा... येऊ द्या..."

ट्रक लावावा तसं तिनं त्याला मागे घेतलं. पण ट्रकच्या डोळ्यांत बघत ट्रक लावावा लागत नाही. इथे दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. त्याचे डोळे मोठे, शांत, आणि वाट बघायची सवय असलेले होते. डाव्या डोळ्याला थोडा नंबर असावा, असं तिच्या मनात आलं. बघण्याची एवढी चांगली सबब तिला याआधी मिळाली नव्हती.

तो बालवाडीत मास्तर होता.

दुसऱ्या दिवशी आणीबाणीची तालीम झाली. सगळ्यांना एकाच मापाची जाकिटं मिळाली. शिडीचं जाकीट बरगड्यांपाशी संपलं, आणि मास्तरांचं पुढून मिटेना. दोघांनी टोपीवाल्या अधिकाऱ्याला विचारलं, आमचं काय?

"तुम्ही बुडणार नाही असं गृहीत धरलेलं आहे," टोपीवाले साहेब म्हणाले, आणि त्यांनी तशी नोंद घेतल्यासारखी मान हलवली.

डेकवरच्या खुर्च्यांचंही तसंच. हात असलेल्या खुर्चीत मास्तर बसले की उठताना खुर्ची सोबत यायची. शिडी बसली की गुडघे हनुवटीला. शेवटी दोघं जाकिटांच्या मोठ्या पेटीवर बसले. पेटीवर लिहिलं होतं: 'येथे बसू नये.'

"उठा तिथून," टोपीवाले साहेब म्हणाले.

"आणीबाणी आली की लगेच उठू," मास्तर म्हणाले.

साहेबांनी विचार केला. त्यांना यात चूक सापडेना. ते गेले.

समुद्राचे तुषार उडत होते. तिच्या गालावर एक थेंब येऊन थांबला, आणि मास्तर त्याच्याकडे असे बघत राहिले की थेंबालाच लाज वाटून तो ओघळला.

"वर्षभर मी वीतभर खुर्चीवर बसतो," ते म्हणाले. "म्हणून सुट्टीत म्हटलं, आपल्या मापाची खोली घेऊ. फोनवर सांगितलं, मोठ्या माणसांची द्या."

"मग?"

"दिली की. मोठ्यांची. न्हाणीघरात धरायला दांड्या, उशाशी घंटी, आणि सकाळी एक सिस्टर येऊन विचारतात, 'आजोबा, पोट साफ झालं का?'"

"तुम्ही काय सांगता?"

"खरं ते सांगतो. आपुलकीनं विचारतात हो."

शिडी इतकी हसली की पेटी हलली. मग तिनं डोळे पुसत विचारलं, "पलंग कसा आहे?"

"लांब. पायथा सरकवून अजून लांब होतो. पण रुंदीला असा की मी एका वेळी अर्धाच झोपतो."

"पायथा... सरकतो?" बाकीच्या बायका हिऱ्यांबद्दल बोलतात त्या आवाजात शिडी म्हणाली. "माझा गोल आहे. चांगला ऐसपैस. फक्त पाय लांब करता येत नाहीत."

"मला फारसे लांब करायचेच नसतात," मास्तर हळूच म्हणाले.

खोल्या बदलल्या. त्या रात्री शिडी मोठी झाल्यापासून पहिल्यांदा सरळ झोपली. सकाळी सिस्टर आल्या, दचकल्या, पण कर्तव्याला चुकल्या नाहीत. "आजी, पोट साफ झालं का?"

घाईत बदललेल्या खोल्यांत वस्तू राहणारच. तिचा कंगवा वर राहिला, त्यांचा चष्मा खाली. (डाव्या डोळ्याला नंबर होताच.) त्या आणायला ती वर निघायची तेव्हा ते खाली निघालेले असायचे, आणि मधे बोळकंडी होती.

"आज कुणाची पाळी?"

"तुमची. काल मी गेलो होतो मागे."

"काल तुम्ही मागे जाताना दोनदा थांबलात."

"रहदारी होती."

"कुणी नव्हतं."

"माझ्या मनात होती," ते म्हणाले, आणि कान लाल करून मागे चालू लागले. पाळी नसताना.

वस्तू मात्र परत मिळत नव्हत्या. एक मिळाली की दुसरी राहायची. मावशी रोज शिडीच्या वस्तू मोजू लागली. मावशी मोजू लागली म्हणजे काळजी करण्यासारखं होतं.

एका दुपारी पेटीवर शिडीनंच सांगून टाकलं. स्थळ. फोटोतली खुर्ची. एक पायरी खाली.

"चांगलं आहे ना स्थळ?" मास्तरांनी समुद्राला विचारलं.

"हो. स्वभाव गरीब आहे."

"मग झालं."

"हो. झालं. थोडं वाकायचं."

मग मास्तर म्हणाले, "मुलांशी बोलताना मी खाली बसतो. गुडघे दुखतात. पण माझ्या मर्जीनं बसतो, आणि घरी जायची वेळ झाली की उठतो. तुम्ही... उठणार कधी?"

ती उठून गेली. वाकूनच गेली, कारण दार तसंच होतं.

त्यानंतर बोळकंडीत भेट झाली तरी मास्तर मुकाट्यानं रिव्हर्स घेत, आणि तिलाही नीट 'येऊ द्या' म्हणवेना.

मग एका सकाळी बोटीला हादरे बसू लागले. धप्‌. मग शांतता. मग पुन्हा धप्‌. कपांतला चहा सांडला. टोपीवाल्या साहेबांनी भोंग्यावरून सांगितलं, "प्रवाशांनी घाबरू नये, हे समुद्रामुळे आहे." समुद्र तर तेव्हा ताटात वाढल्यासारखा सपाट होता.

संध्याकाळी शिडी खोलीबाहेर पडली आणि दारात थबकली. चौकटीवर, बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीला, एक लाल चांदणी चिकटवलेली होती. बालवाडीत शहाण्या मुलांच्या वहीवर लावतात तसली. पुढच्या दारावर एक. जिन्याच्या तुळईवर एक. छतावरच्या प्रत्येक दिव्यावर एक. जिथे जिथे ती आपटायची तिथे तिथे आधीच चांदणी होती. काही तिरक्या लागल्या होत्या, कारण लावणाऱ्याचा हात तिथवर पोचत नव्हता. त्यानं उड्या मारून लावल्या होत्या.

शिडी त्या बोळकंडीत उभी राहिली आणि डोकं न आपटताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या सकाळी बोट धक्क्याला लागली. सगळे प्रवासी बॅगा घेऊन बोळकंडीत शिरले. शिडी खालून वर निघाली होती. कंगवा पुन्हा राहिला होता. मास्तर वरून खाली येत होते, हातात कंगवा. मधोमध दोघं थांबले. त्यांच्या मागे टोपीवाले साहेब आणि अर्धी बोट. तिच्या मागे मावशी आणि उरलेली अर्धी.

"कुणीतरी रिव्हर्स घ्या!" साहेब ओरडले.

कुणी हललं नाही. तेवढ्यात मावशीचा फोन वाजला.

"शिडे, स्थळ लाईनवर आहे! घे, बोल." मावशीनं फोन धरलेला हात वर केला. तो शिडीच्या कानापर्यंत पोचेना. मावशी चवड्यांवर उभी राहिली. "अगं, वाक ना जरा!"

शिडीनं मावशीकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मास्तर कंगव्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा आई न्यायला यायला उशीर झालेल्या पोरासारखा झाला होता. वाकू नका, असंसुद्धा ते म्हणाले नाहीत. ते आता तिचं तिनं ठरवायचं होतं.

आणि शिडी सरळ झाली. आधी गुडघे, मग खांदे, मग मान. तिचं कपाळ अलगद छतावरच्या दिव्याला टेकलं.

"मावशी, त्यांना सांग, मी उभी आहे."

"म्हणजे हो की नाही?"

"उभी आहे. एवढंच सांग. त्यांना कळेल."

मावशीनं फोन कानाला लावला. "उभी आहे म्हणते," ती म्हणाली. मग थोडं ऐकलं. "कळलं त्यांना," मावशी म्हणाली, आणि फोन पर्समध्ये टाकून पुढे म्हणाली, "आता हे महाशय कोण, ते मला कळू दे. मला इथून फक्त तुझी पाठ दिसतेय."

शिडीनं मान खाली घेतली तेव्हा दिव्यावरची चांदणी तिच्या कपाळाला चिकटून आली होती.

"शाब्बास," मास्तर सवयीनं बोलून गेले. मग भलतेच गडबडले. "म्हणजे... मला असं म्हणायचं होतं की... मी काही तुमच्याएवढा उंच होणार नाही. मी प्रयत्न सोडलाय. पण घरी दारं आहेत माझ्या, आणि चांदण्यांचं एक पाकीट शिल्लक आहे, आणि..."

"गुडघे दुखत नाहीत ना उड्या मारून?"

"फार दुखतात."

"मग पुढच्या मी लावेन," शिडी म्हणाली. "तू फक्त खालून सांग, तिरकी लागली का ते."

'तू' ऐकून मास्तर मागच्या साहेबांवर टेकले, साहेब त्यांच्या मागच्यांवर, आणि अर्धी बोट आपोआप रिव्हर्समध्ये गेली.

"येऊ द्या," शिडी म्हणाली. "येऊ द्या... येऊ द्या..."

बोटीवरून उतरताना सूचनांच्या पेटीत दोघांनी मिळून एक अर्ज टाकला. तो असा:

"सविनय विनंती की, उपरोक्त बोटीचे छत चार बोटे वर घेण्यात यावे. ते तांत्रिक कारणास्तव शक्य नसल्यास समुद्र चार बोटे खाली घेण्यात यावा. बोळकंडी आहे तेवढीच अरुंद ठेवावी. तसेच, अर्जदारांच्या काही वस्तू एकमेकांच्या खोल्यांत अद्याप राहिल्या असल्याने, सदर बोट धक्क्यावरून सोडून, संपूर्ण प्रवास रिव्हर्समध्ये करून, पहिल्या संध्याकाळपर्यंत मागे नेण्यात यावी. मागचे आम्ही सांगत राहू. कळावे."